वाकलेली मान म्हणजे नरम घोडा नव्हे

२०२३च्या सप्टेंबरात हांगझोउच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं भारताचं सोनं तब्बल ४१ वर्षांनी आलं होतं. पाठोपाठ अनुषने ‘एट्रो’ या घोड्यावर वैयक्तिक कांस्यही मिळवलं. त्या दिवसांत मोबाइलवर ती दृश्यं फिरली आणि बघणाऱ्या दहांतले आठ जण म्हणाले, ‘‘घोडा काय नाचतोय!’’

आपल्याकडे हे म्हटलं जाणं साहजिक आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा वरातीत ढोलावर पाय उचलणारी घोडी आपण पाहिलेली असते. ड्रेसाजमधला घोडा मात्र संगीत ऐकून पावलं टाकत नाही. मुक्त सादरीकरणाच्या फेरीत आधी घोड्याच्या चालीचा वेग मोजतात आणि त्याला जुळेल असं संगीत निवडतात. वादक घोड्याच्या मागे चालतो म्हणा ना.

हा गैरसमज निरुपद्रवी आहे. घोड्याला भोवतो तो दुसरा. मान कमानीसारखी वाकली, हनुवटी छातीकडे आली, की घोडा ‘नरम’ झाला, असं नवा स्वार समजतो. मग तो दोन्ही हातांनी लगाम ओढत बसतो. मीही पहिले कित्येक महिने हेच केलं. मान सुरेख वाकायची, फोटो छान यायचे आणि माझ्याखालची पाठ फळीसारखी ताठ असायची. बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की मी घोड्याला शिकवत नव्हतो, त्याचं तोंड पकडून ठेवत होतो.

घोड्याच्या शरीराची रचना पाहिली की हे उलगडतं. स्वस्थ उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्याला गळपट्टीचं हाड नसतं; पुढच्या दोन पायांच्या मधे त्याचं धड नुसत्या स्नायूंच्या झोळीत तोललेलं असतं. वर माणूस बसला की ही झोळी आणखी खाली दबते. ती उचलायची तर मागचे पाय पोटाखाली यायला हवेत आणि पाठ मोकळी हलायला हवी. मान वाकते ती याच्या शेवटी, परिणाम म्हणून. तोंडाकडून सुरुवात केली तर परिणामाची नक्कल हाती लागते. घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाचे नियमही सांगतात, की मानेचा वरचा टोकाचा भाग, कानांच्या मागचा, सगळ्यात उंच असावा आणि नाकाची रेषा उभ्या रेषेच्या किंचित पुढे राहावी. हनुवटी छातीला टेकलेला घोडा दिसायला आज्ञाधारक असला तरी नियमाने तो चुकलेला आहे.

जर्मन शिकवणीत प्रशिक्षणाची सहा पायऱ्यांची एक शिडी आहे. पहिली पायरी ताल: चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये तीन. दुसरी मोकळेपणा. लगामाशी जुळणारा ‘काँटॅक्ट’ तिसऱ्या क्रमांकावर येतो. त्यापुढे जोम, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी अंग गोळा करणं. दुसरी पायरी गाळून थेट तिसरीवर चढायला गेलं की जे होतं, ते वर सांगितलंच.

मग नरमपणा येतो कसा? सोडून देण्यातून. पाय किंवा लगाम यांचा इशारा दिला, घोड्याने किंचित उत्तर दिलं, की त्याच क्षणी दाब कमी करायचा. दाब घोड्याला काहीतरी कर एवढंच सांगतो. ‘बरोबर केलंस’ हे त्याला कळतं ते दाब थांबतो तेव्हा. दोन सेकंद उशीर झाला, तर दरम्यान त्याने मान झटकलेली असते आणि बक्षीस त्या झटक्याला मिळतं. ‘तोंडाचा घट्ट’ म्हणून बदनाम झालेले पुष्कळ घोडे असे हातांनीच घडवलेले असतात.

लक्ष देण्याबद्दलही असाच घोटाळा आहे. कान पुढे टवकारलेला घोडा एकाग्र आहे असं वाटतं. बहुतेक वेळा तो कुंपणापलीकडचं काहीतरी बघत असतो. स्वाराकडे लक्ष असलेल्या घोड्याचा एखादा कान सैलसर मागे वळलेला असतो. दोन्ही कान मानेला चिकटलेले असले तर तो राग किंवा त्रास. हा फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

आणि बिचकणं म्हणजे खोडी नव्हे. घोड्याला स्वतःभोवती जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. अगदी मागे आणि कपाळासमोर तेवढ्या छोट्या आंधळ्या जागा असतात. कोपऱ्यातली कुंडी त्याला दिसतेच. तिच्याकडे तोंड फिरवून धरलं, वर चाबूक लगावला, तर कुंडी आणि मार यांची गाठ कायमची बसते. त्यापेक्षा त्याला काम द्यावं: वीस मीटरचं वर्तुळ, दुडकीतून चाल आणि पुन्हा दुडकी, किंवा खांदा आत घेऊन तिरकं चालवणं. या शेवटच्या व्यायामाचं वर्णन फ्रेंच अश्वशिक्षक ला गेरिनिएर याने १७३३च्या आपल्या ग्रंथात केलं आणि आजही तो रोजच्या सरावात आहे. कुंडीपासून मान थोडी दुसरीकडे वळलेली आणि आतला मागचा पाय कामाला लागलेला, अशा अवस्थेत घोड्याला घाबरायला सवडच उरत नाही.

तोंडाला आलेला फेस म्हणजे समाधान, हाही एक लाडका समज. जबडा सैल असला तर ओठ ओले होतात हे खरं, पण मान आवळल्यामुळे लाळ गिळता आली नाही तरी फेस साचतो. तोंडाभोवतीचा पट्टा करकचून बांधला तर उघडं तोंड दिसत नाही, त्यामागची तक्रार मात्र तशीच राहते. त्या पट्ट्याखाली पुरेशी जागा आहे का, हे स्पर्धेत ठरावीक मापाने तपासण्याची पद्धत २०२५पासून सुरू झाली.

‘थोडा धाक हवाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला ग्रीक झेनोफन पुरेसा आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी त्याने घोडेस्वारीवर लिहिलं आणि मारून करून घेतलेल्या कामात डौल येत नाही, हे तेव्हाच स्पष्ट केलं. तरी हा वाद संपलेला नाही. ऑलिंपिक विजेती शार्लोट दुजार्दाँ हिने २०२४मध्ये, सरावात घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारल्याची चित्रफीत बाहेर आल्यावर, पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली. पुढे तिच्यावर एक वर्षाची बंदी आली.

पुढच्या वेळी स्पर्धा बघाल तेव्हा शेवटच्या सलामीनंतर चॅनल बदलू नका. स्वार लगाम लांब सोडतो आणि घोडा मैदानाच्या कडेला लावलेल्या ‘ए’ अक्षराजवळून चालत बाहेर पडतो. त्या अर्ध्या मिनिटाला गुण नसतात. पाठ मोकळी असलेला घोडा फुरफुरतो, मान पुढे आणि खाली लांबवतो, शेपूट सैल डुलत जाते. धरून ठेवलेला घोडा लगाम हिसकावून घेतो.