जर्मनीतील निवास परवान्याचे नूतनीकरण
महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाल्याने कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावांतील तरुणांनाही त्या देशाची वाट खुली झाली असली, तरी तेथील तात्पुरता निवास परवाना, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी, मुदत संपण्याआधीच वाढवून मागावा लागतो.

जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ नुसार वेळेत अर्ज केल्यास निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू मानला जातो आणि ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ हा तसा दाखला मिळतो. ही तरतूद सर्वांत मोलाची, कारण तिच्यामुळे नोकरीत खंड पडत नाही. परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नसल्याने पासपोर्टचे नूतनीकरण भारतीय वकिलातीतून आधी उरकावे आणि पगारपत्रके, भाडेकरार व आरोग्यविम्याचा दाखला अर्जापूर्वीच जमवून ठेवावा.