प्रश्नोत्तर-मंडळाची प्रकृति कशी ओळखावी

शेतीच्या धंद्यांत प्रत्येक गोष्ट स्वानुभवानेंच शिकावयाची म्हटली, तर एक जन्म पुरणार नाहीं. खरीप वर्षांतून एकदांच येतो. म्हणून चाळीस वर्षें नांगर धरणाऱ्यालाहि खरिपाचे चाळीसच अनुभव मिळतात. दुसऱ्याचा अनुभव आपल्या उपयोगीं पडावा याचा जुना व सोपा मार्ग म्हणजे विचारणें आणि सांगणें. पूर्वीं हें काम गांवच्या पारावर होई. आतां तें पुष्कळ अंशीं फोनवरील गटांत होतें. द्राक्ष, डाळिंब, ऊस, कापूस अशा एकेका पिकापुरते गट निघाले आहेत. असा गट काढणें कठीण नाहीं. तो निरोगी ठेवणें कठीण आहे. जनावराची प्रकृति आपण त्याच्या रवंथावरून व शेणावरून ओळखतों. त्याचप्रमाणें प्रश्नोत्तर-मंडळाच्या प्रकृतीचीं लक्षणें कोणतीं, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या धंद्यांतलें नाहीं. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांसाठीं जेफ ॲटवुड व जोएल स्पोल्स्की या दोन गृहस्थांनीं २००८ सालीं अमेरिकेंत 'स्टॅक ओव्हरफ्लो' नांवाचें मंडळ इंटरनेटवर सुरू केलें. कोणीहि आपली अडचण लिहावी, जाणत्यानें उत्तर द्यावें, आणि दोन्ही सर्वांना वाचतां येतील अशीं कायम राहावीं, असा त्याचा क्रम. उत्तराबद्दल कोणास पैसा मिळत नाहीं, गुण मिळतात. वाचकानें उत्तर उपयुक्त ठरविलें म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या नांवें १० गुण जमा होतात. निरुपयोगी ठरविलें तर २ वजा होतात. खुद्द प्रश्न विचारणाऱ्यानें "यानें माझें काम झालें" अशी खूण केली, तर १५ गुण मिळतात. यांतील एक बारकावा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जो दुसऱ्याच्या उत्तराला निरुपयोगी ठरवितो, त्याच्या स्वतःच्या खात्यांतूनहि १ गुण जातो. त्यामुळें उगाच कोणी कोणास खालीं ओढीत नाहीं.

गुणांबरोबर अधिकारहि वाढतात. १५ गुण झाल्यावर दुसऱ्याचें लिखाण उपयुक्त ठरविण्याचा, २,००० गुणांवर तें थेट दुरुस्त करण्याचा, आणि ३,००० गुणांवर अयोग्य प्रश्न बंद करण्याविषयीं मत देण्याचा अधिकार मिळतो. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें असल्यामुळें त्याला येथें फेरफाराची आठवण होते. तलाठ्यानें नोंद लिहिली म्हणजे ती पक्की झाली असें होत नाहीं. संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत असते, आणि नंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. ज्ञानाच्या नोंदीसहि अशीच तपासणी लागते.

या मंडळाच्या यशानंतर गणित, भाषा, बागकाम इत्यादि विषयांचीं मंडळें त्याच परिवारांत निघालीं. नवें मंडळ धड चाललें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालकांनीं कांहीं ठोकताळे ठरविले होते. दररोज सरासरी १० नवे प्रश्न. १०० पैकीं ९० प्रश्नांस उत्तर. दर प्रश्नामागें अडीच उत्तरें. आणि २०० हून अधिक गुण मिळविलेले निदान १५० सभासद. उत्तर नुसतें लिहिलें गेलें म्हणून प्रश्न सुटला असें ते धरीत नसत. दुसऱ्या कोणीं तरी तें मान्य केलेलें असावें लागे. आणि दर प्रश्नास एकच उत्तर येत असेल, तर तें उणेपणाचें लक्षण समजत. एकाच वैद्याच्या शब्दावर सारा गांव चालूं लागला, तर त्याची चूक दाखविणारा कोणी उरत नाहीं, हें त्यामागील तत्त्व.

आतां रोगाकडे वळूं. २०१४ च्या सुमारास स्टॅक ओव्हरफ्लोवर दरमहा दोन लाखांच्या घरांत नवे प्रश्न येत. संख्या पाहणाऱ्याला ही भरभराट वाटेल; परंतु कीड तेव्हांच लागली होती. तेच तेच प्रश्न पुनःपुन्हा येऊं लागल्यामुळें जुने जाणते त्रासले. ते नवख्यांचे प्रश्न तुटकपणें बंद करूं लागले. नवखा एकदां अपमानित झाला कीं पुन्हां येत नाहीं. आणि उद्यांचा उत्तर देणारा आजच्या विचारणाऱ्यांतूनच तयार व्हावयाचा असतो. २०१८ सालीं चालकांनींच जाहीरपणें कबूल केलें कीं, आपल्या येथें नवागतांचें स्वागत नीट होत नाहीं.

दुसरा आघात नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी हें उत्तर देणारें यंत्र निघाल्यावर झाला. यंत्राकडून लिहवून घेतलेलीं उत्तरें मंडळावर पडूं लागलीं. तीं दिसावयास सुबक, पण पुष्कळदां चुकीचीं असत. आणि लिहिण्यास एक क्षण, तर तपासण्यास घटका लागे. डिसेंबर २०२२ मध्येंच त्यांस बंदी करावी लागली. पुढें २०२३ च्या जूनमध्यें, अशीं उत्तरें काढून टाकण्याच्या अधिकाराविषयीं व्यवस्थापनाशीं तंटा होऊन, विनावेतन देखरेख करणाऱ्या अनेक सभासदांनीं काम थांबविलें. तो तंटा ऑगस्टमध्यें मिटला. प्रश्नांचा ओघ मात्र पूर्वींच्या मानानें फारच थोडा उरला. लोक आतां यंत्रालाच विचारतात. पण यंत्र शिकतें तें माणसांनीं पूर्वीं लिहून ठेवलेल्या मजकुरावर. कणगींतलें धान्य खाण्यास हरकत नाहीं. बियाण्याची मोटली सोडून खाल्ली, तर पुढील पेरा कशाचा करावयाचा?

आपल्या गटांना यांतून काय घ्यावयाचें? पहिलें, "माझ्या कपाशीला काय झालें?" एवढाच प्रश्न विचारूं नये. जात, पेरणीची तारीख, जमीन, पाण्याची पाळी, मागील फवारणी व पानाचें छायाचित्र द्यावें. अर्धें उत्तर नीट विचारण्यांतच असतें. दुसरें, उत्तर देणाऱ्यानें आपण हें स्वतः करून पाहिलें कीं ऐकलें, तें स्पष्ट सांगावें. आणि तो औषध विकणारा असेल, तर तेंहि सांगावें. तिसरें, उपाय केल्यावर गुण आला कीं नाहीं, हें विचारणाऱ्यानें आठवड्याभरानें त्याच गटांत अवश्य कळवावें. आपल्याकडे हीच गोष्ट सर्वांत अधिक राहून जाते. आणि ती राहिली म्हणजे खरें उत्तर व खोटें उत्तर एकाच भावानें विकलें जातें. चौथें, निवडक प्रश्नोत्तरें हंगामवार वहींत उतरून ठेवावींत, म्हणजे जाणत्यांना दरवर्षीं तेंच दळण दळावें लागणार नाहीं, आणि नवख्यावर कोणी खेंकसणार नाहीं. जुन्या उत्तरावर तारीख असावी. कारण कालचें औषध आज बंदहि झालेलें असूं शकतें.

आज्ञावली लिहिणाऱ्याला चुकीचें उत्तर मिळालें, तर बहुधा त्याचा दिवस फुकट जातो. आपल्या धंद्यांत चुकीची किंमत निराळी आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांचें मिश्रण, त्याचें प्रमाण व फवारणाऱ्याचें संरक्षण हे प्रश्न किती जिवावरचे आहेत, हें त्या हंगामानें दाखविलें. म्हणून अशा प्रश्नांत गटांतील उत्तर डब्यावरील सूचनेशीं व कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्याशीं ताडून पाहिल्यावांचून कोणींहि पंपांत औषध ओतूं नये.

गटांत सभासद किती व दिवसाला निरोप किती, यावरून त्याचें बळ मोजूं नये. मागील महिन्यांत किती प्रश्नांस उत्तर मिळालें, किती उत्तरें दुसऱ्यानें तपासलीं, किती जणांनीं परिणाम कळविला, आणि प्रथमच विचारणारे किती जण पुन्हां आले, हे चार आंकडे प्रत्येक गटाच्या चालकानें महिनाअखेर एका कागदावर मांडावे. पांच मिनिटांचें काम आहे. आणि गट जगतो आहे कीं नुसता बोलतो आहे, हें त्यांतून कळून येईल.