भगत : सिंधमधून उल्हासनगरात आलेले आख्यान

अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी वस्त्यांत कीर्तन म्हटले की पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याला साजेसे आख्यान, ही नारदीय पद्धतीची मांडणी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु त्याच कर्जत रेल्वेमार्गावरील उल्हासनगरात उभ्याने गात कथा सांगण्याची आणखी एक परंपरा फाळणीनंतर सिंधी निर्वासितांबरोबर आली आणि शेजारी असूनही ती मराठी श्रोत्यांना जवळपास अपरिचितच राहिली. कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत वसलेल्या या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी वस्त्या आजही कॅम्प क्रमांकांनीच ओळखल्या जातात.

या परंपरेचे नाव भगत; गाणाऱ्यालाही भगतच म्हणतात. पायघोळ जामा, डोक्यावर पगडी आणि पायांत घुंगरू अशा वेशातला भगत ढोलक-हार्मोनियमच्या साथीने गातो, मध्येच थांबून गद्यात कथा पुढे नेतो आणि भावना टिपेला पोहोचली की तिथेच गिरकी घेतो. साथीदार त्याची ओळ उचलतात. सिंधच्या खेड्यांत हा कार्यक्रम रात्रभर चाले. कीर्तनकाराला हे तंत्र परके वाटणार नाही, मात्र कथांची निवड त्याला चकित करील. हरिश्चंद्रासारख्या पौराणिक आख्यानांबरोबरच शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) या सूफी कवीने अमर केलेल्या लोककथाही भगत गातो. अमरकोटचा राजा उमर थरच्या वाळवंटातील मारुईला पळवून नेतो, तिच्यापुढे रेशीम आणि दागिने मांडतो, आणि ती आपली जाडीभरडी घोंगडी सोडायला नकार देत आपल्या मलीरच्या माणसांसाठी झुरते. ही कथा सूफी अर्थाने जिवाच्या परमेश्वराविषयीच्या ओढीची असली, तरी बराकींत राहणाऱ्या श्रोत्यांना तिचा साधा, शब्दशः अर्थच अधिक भिडला असणार.

या परंपरेतील सर्वांत आदराचे नाव संत कंवरराम (१८८५–१९३९) यांचे. तेव्हाच्या सक्कर जिल्ह्यातील जरवार गावच्या आणि रहडकीच्या संत सतरामदासांच्या या शिष्याने मिळालेले पैसे अंध-अपंगांत व गरजूंत वाटून टाकले. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक रेल्वेस्थानकावर गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली.

भगतीतील एक अंग मात्र रंगमंच सोडूनही टिकले, ते म्हणजे पल्लव. वस्त्राचे टोक दोन्ही हातांनी पसरून सर्वांच्या सुखासाठी सिंधींचे आराध्यदैवत झुलेलाल यांच्याकडे मागणे मागायचे, असा हा विधी आहे. भगत तो दात्याचे नाव घेऊन करीत असे, आणि आज चालिहाच्या ४० दिवसांच्या व्रतात किंवा घरगुती पूजेच्या शेवटी सामान्य कुटुंबेही तो करतात. रात्रभराचे आख्यान आटून तासा-दोन तासांवर आले, त्यामागे शहरी दिनक्रमाइतकेच भाषेचेही कारण आहे : १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले खरे, पण अरबी लिपीतील शाहचे काव्य वाचता येणारे तरुण विरळच, त्यामुळे मारुईची गाठ पडायची तर ती बहुधा कानांनीच.