धुराची साक्ष : डिझेल मोटारीच्या इंजेक्टरांची परीक्षा व शुद्धी

धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्रातील सर्वपरिचित उदाहरण होय. याच उदाहरणाची दुसरी बाजूही नैयायिकांनी तितक्याच काळजीने तपासली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास इंधन ओले असावे लागते, आणि या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. व्याप्ती उलटी फिरविता येत नाही, हा त्यातील धडा. डिझेल मोटारीचा धूर वाचतानाही तो उपयोगी पडतो, हे दाखविण्याचा येथे विचार आहे.

निमित्त घरचेच आहे. प्रस्तुत लेखकाची मोटार चढावर काळा धूर सोडू लागली. एका गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला आणि खर्चाचा आकडा महिन्याच्या वेतनाजवळ गेला. दुसऱ्या कारागिराने इंजेक्टरांना हात लावण्यापूर्वी टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पाहिली. ती चिरलेली निघाली. चिन्ह खरे होते, वाचन चुकले होते.

प्रथम इंजेक्टरचे कार्य पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते, आणि तीत इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेटते. हा फवारा सोडणाऱ्या नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी किंवा त्याहूनही बारीक असतात. जुन्या यांत्रिक पद्धतीत इंजेक्टर साधारणपणे १०० ते २५० बार दाबाला उघडतो. १९९७ पासून प्रवासी मोटारींत आलेल्या ‘कॉमन रेल’ पद्धतीत दाब १,६०० बार व त्याहूनही वर जातो. (एक बार म्हणजे स्थूलमानाने वातावरणाच्या दाबाएवढा दाब.) एवढ्या बारीक छिद्रांच्या तोंडाशी काजळी धरली, किंवा आतील सुईवर चिकट थर बसला, की फवाऱ्याची जागा थेंब घेतात, आणि थेंब पूर्ण जळत नाहीत.

त्यातून पुढील लक्षणे उद्भवतात : सकाळी इंजिन लवकर सुरू न होणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे, ज्याला कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात, ‘पिकअप’ मंदावणे, धातूवर ठोकल्यासारखा आवाज येणे, ‘ॲव्हरेज’ घटणे, काळा किंवा पांढरा धूर निघणे. इंजेक्टर गळत असेल तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते व ऑइलची पातळी वाढते. हे लक्षण दिसताच मोटार चालविणे थांबवावे.

परंतु यांपैकी एकही लक्षण एकनिष्ठ नाही. काळा धूर तुंबलेल्या हवेच्या फिल्टरमुळे, चिरलेल्या नळीमुळे किंवा उघडा अडकलेल्या ईजीआर झडपेमुळेही येतो. पांढरा धूर निकामी ग्लो प्लगमुळे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यामुळेही येतो. शक्ती कमी होण्यास पुष्कळदा डिझेल फिल्टर कारणीभूत असतो. न्यायाच्या परिभाषेत हे हेतू ‘सव्यभिचार’ आहेत : साध्य असते तेथेही ते आढळतात, नसते तेथेही. म्हणून स्वस्त व सोप्या कारणांचा निरास आधी करावा.

त्यानंतर इंजेक्टरांची प्रत्यक्ष परीक्षा. जुन्या यांत्रिक इंजिनात एकेका इंजेक्टरच्या नळीचे नट क्रमाने सैल करतात. ज्याचे नट सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग कदापि करू नये. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास हाताचे बोटही गमवावे लागते. गळती हाताने चाचपू नये, हेही त्याच कारणास्तव. येथे स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरसाठी संगणकाने केलेली इंधनाची दुरुस्ती वाचतात. तसेच परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या जोडून परत येणारे डिझेल मोजतात. एखादी बाटली इतरांहून फार लवकर भरली, तर तो इंजेक्टर बहुधा आतून झिजलेला असतो.

शुद्धीचे मार्ग तीन. थर हलका असेल तर वाहन-उत्पादकाला मान्य असलेले स्वच्छक द्रव्य टाकीत घालून लांबचा प्रवास करावा. त्याऐवजी रॉकेल मिसळण्याची रीत घातक आहे. रॉकेलमध्ये वंगणाचा गुण कमी असल्याने पंप व इंजेक्टर झिजतात. दुसरा मार्ग म्हणजे टाकीची नळी सोडवून इंजिन काही वेळ स्वच्छक द्रावणावर चालविणे. तिसरा, इंजेक्टर काढून श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या कुंडात धुणे व नंतर परीक्षण-यंत्रावर फवारा तपासणे. छिद्रांत तार किंवा टाचणी घालू नये. त्याने छिद्राचा आकार बिघडतो आणि फवारा कायमचा वाकडा होतो. पुन्हा बसविताना तांब्याचा वॉशर नवा घ्यावा, प्रत्येक इंजेक्टर आपल्याच सिलिंडरवर बसवावा, आणि नवा बसविल्यास त्यावरील सांकेतिक क्रमांक इंजिनाच्या संगणकात नोंदवावा.

मळ धुता येतो, झीज धुता येत नाही. हा भेद यंत्रावरील परीक्षेनेच कळतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे व त्यात साठलेले पाणी काढणे, एवढ्याने बहुतेक त्रास टळतो.

चिन्हावरून एकदम अर्थावर उडी घेण्याचा मोह कारागिराला होतो, तसाच अभ्यासकालाही होतो. एका शब्दरूपाचे मूळ ठरविताना आपण इतर शक्यतांचा निरास करतो. धुराच्या बाबतीत तेवढीच शिस्त पाळली, तर पुष्कळ निर्दोष इंजेक्टर जागच्या जागी राहतील.