विक्रम धावणाऱ्याचा की रस्त्याचा?

आपल्या मंडळात धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. डिसेंबरात अबू धाबीची मॅरेथॉन असते. जानेवारीचा तिसरा रविवार आला की मुंबईच्या मॅरेथॉनचा निकाल घरोघरी वाचला जातो. मग दर वर्षी एक प्रश्न हमखास निघतो : मुंबईचे विजेते दुबई-अबू धाबीच्या विजेत्यांपेक्षा एवढे मागे का? २०१९ साली दुबईत इथिओपियाचा गेटानेह मोला २ तास ३ मिनिटे ३४ सेकंदांत (यापुढे हे २:०३:३४ असे लिहू) पोचला. त्याच वर्षी डिसेंबरात अबू धाबीत केनियाचा रूबेन किप्येगो २:०४:४० मध्ये पहिला आला. मुंबईत २०२५ पर्यंतचा सर्वांत वेगवान विजेता २:०७:३२ चा आहे. यावरून "मुंबईला दुय्यम दर्जाचे धावपटू येतात" असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे विजेत्यांची यादीच नीट वाचली तर दिसते.

मुंबईची सध्याची मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झाली. (पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन तिच्याहून बरीच जुनी, १९८३ सालची.) पुरुष विजेत्यांची काही निवडक नोंद अशी :

२००४ – हेंड्रिक रामाला (दक्षिण आफ्रिका) – २:१५:४७
२०१३ – जॅक्सन किप्रॉप (युगांडा) – २:०९:३२
२०१६ – गिडियन किपकेटर (केनिया) – २:०८:३५
२०२० – देरारा हुरिसा (इथिओपिया) – २:०८:०९
२०२३ – हायले लेमी (इथिओपिया) – २:०७:३२

एकोणीस वर्षांत सव्वाआठ मिनिटे कमी झाली. पण पहिल्याच ओळीकडे पाहा. २:१५:४७ हा आकडा आज अगदी सामान्य वाटतो. मात्र हाच रामाला त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकला! म्हणजे माणूस दुय्यम नव्हता. मग आकडा असा का?

तीच माणसे, दोन शहरे

प्रयोगशाळेत एखाद्या घटकाचा परिणाम मोजायचा तर बाकीचे घटक स्थिर ठेवतात. इथे आपल्याला रस्त्याचा परिणाम मोजायचा आहे, म्हणून धावपटू तोच हवा. सुदैवाने मुंबई आणि दुबई या दोन्ही यादींत तीच नावे सापडतात.

इथिओपियाचा टेस्फाये अबेरा २०१५ साली मुंबईत २:०९:४६ मध्ये जिंकला. पुढच्याच जानेवारीत त्याने दुबई जिंकली, ती २:०४:२४ मध्ये. फरक ५ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे दर किलोमीटरमागे साडेसात सेकंदांहून थोडा जास्त.

आयेले अब्शेरो २०१२ साली दुबईत २:०४:२३ मध्ये पहिला आला होता. २०२० साली मुंबईत तो २:०८:२० घेऊन दुसरा आला. अमाने बेरिसो ही २०१६ मध्ये दुबईत २:२०:४८ वेळ देऊन दुसरी आली होती. मुंबईत २०२० साली तिने २:२४:५१ मध्ये विजेतेपद मिळवले. दोन्ही ठिकाणी फरक चार मिनिटांच्या आसपासच.

आणि मुंबईचा विक्रमवीर हायले लेमी? २०१५ साली दुबईत २:०५:२८ मध्ये जिंकलेला आणि २०१६ मध्ये बॉस्टन जिंकलेला लेमी बेरहानू तो हाच. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, आणि आयोजकांच्या कागदावर क्रम उलटसुलट होतो. त्यामुळे एकच माणूस दोन यादींत दोन माणसे वाटू शकतो. मुलू सेबोकाचे नाव तरी सगळीकडे सारखेच आहे. मुंबईत २००५, २००६ आणि २००८ असे तीनदा जिंकल्यावर २०१४ साली ती दुबईतही पहिली आली.

अर्थात वय, तयारी आणि त्या दिवशीची शर्यत हे घटक यात मिसळलेले आहेतच. पण चौघांचेही आकडे एकाच दिशेने झुकतात. मुंबईचा रस्ता अव्वल धावपटूकडून दोन ते पाच मिनिटे काढून घेतो.

अंतर खरेच तेवढे असते का?

इथे एक शंका येईल : दोन्हीकडचे अंतर तरी सारखे असते ना? ही शंका इतिहासाला धरून आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन पाठवलेल्या चमूत ते होते. त्या शर्यतीचे अंतर होते ४२.७५ किलोमीटर. आजचे ४२.१९५ किलोमीटर हे प्रमाण १९२१ साली ठरले. त्याच वेगाने चौगुले आजच्या अंतरावर धावले असते तर वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद आली असती. आपल्या माणसाची सव्वादोन मिनिटे केवळ मोजपट्टीने खाल्ली!

आज हे मोजमाप कसे होते? उपग्रहाने नव्हे, तर सायकलने. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा आकडेमापक लावतात. चाकाच्या एका फेरीत तो वीसहून अधिक आकडे पुढे जातो. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल अनेकदा चालवून 'एका किलोमीटरला किती आकडे' हे ठरवतात. काम झाल्यावर ते पुन्हा तपासतात, कारण ऊन वाढले की टायरमधली हवा फुगते आणि हिशेब बदलतो. मार्ग मोजताना सायकल वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून नेतात, म्हणजे धावता येईल असा सर्वांत जवळचा रस्ता मोजला जातो. शिवाय दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मार्ग चुकूनही तोकडा पडू नये यासाठी ही तरतूद आहे.

आपल्या मनगटी घड्याळात ४२.६ किंवा ४२.८ दिसते ते यामुळेच. आपण गर्दीतून वळणे बाहेरून घेतो. मार्ग चुकीचा मोजलेला नसतो. आयोजकांना पत्र लिहिण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

हजार वॉटची इस्त्री

अंतर सारखे, मग फरक कुठून येतो? पहिले कारण उष्णता.

माणसाला एक किलोमीटर धावायला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. ५५ किलोच्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २३०० किलोकॅलरी लागतील. ही ऊर्जा दोन तास आठ मिनिटांत खर्च होते, म्हणजे सरासरी साडेबाराशे वॉट. शरीराचे यंत्र फारसे कार्यक्षम नाही. यातली तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा उष्णता बनते. म्हणजे प्रत्येक अव्वल धावपटू पोटात हजार वॉटची चालू इस्त्री घेऊन धावत असतो.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, त्याची वाफ व्हायला हवी. हजार वॉट घालवायला ताशी सुमारे दीड लिटर घामाची वाफ व्हावी लागते. हवा दमट असली तर घाम वाफ न होता थेंबाथेंबाने जमिनीवर पडतो. तो ओघळून गेलेला घाम शरीराला फुकट जातो. मग शरीर नाइलाजाने वेग कमी करते.

मॅरेथॉनला सर्वांत सोयीचे तापमान १० अंशांच्या आसपास मानतात. मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण सतराच्या खाली फारसा उतरत नाही आणि समुद्राचा दमटपणा असतोच. अव्वल धावपटू सकाळी सातनंतर निघतात आणि नऊनंतर पोचतात, म्हणजे शेवटचे सगळे किलोमीटर चढत्या उन्हात. आखातातला हिवाळाही काही युरोपसारखा नाही. डिसेंबरातला सकाळचा दमटपणा आपण खलिफा सिटीकर चष्म्याच्या काचांवर रोज पाहतो. तरीही इथली हिवाळी पहाट मुंबईपेक्षा गार असते.

चढ आणि सोबत

दुसरे कारण भूगोल. दुबईचा मार्ग किनाऱ्याला समांतर, लांबलचक सरळ आणि जवळजवळ सपाट आहे. अबू धाबीतही चढ म्हणावा तर एखादा पूलच. मुंबईत मात्र पेडर रोडचा चढ आहे, आणि तो परतीच्या वाटेवर येतो, जेव्हा तीसहून अधिक किलोमीटर पायांखालून गेलेले असतात. एरवी टॅक्सीत बसून तो चढ जाणवतही नाही. छत्तिसाव्या किलोमीटरला तो घाट वाटतो.

तिसरे कारण पेसमेकर. ठरलेला वेग राखून पुढे धावणारे, वारा अडवणारे आणि नंतर बाजूला होणारे हे पगारी सोबती. पैसा ओतला की चांगले पेसमेकर येतात. २००८ साली दुबईने विश्वविक्रमासाठी दहा लाख डॉलरचे जादा बक्षीस लावले होते. हायले गेब्रसेलासी २:०४:५३ मध्ये जिंकला, पण स्वतःच्याच विश्वविक्रमाला २७ सेकंद कमी पडला. गमतीचा भाग असा की कधीकधी हा सोबतीच पुढे निघून जातो. अबू धाबीत २०१९ साली जिंकलेला किप्येगो मुळात पेसमेकर म्हणून आला होता.

बूट आणि बाटली

आता एक घटक असा, जो शहराचाही नाही आणि धावपटूचाही नाही. २०१७ च्या सुमारास कार्बनची पट्टी आणि जाड, उसळत्या फेसाचा तळ असलेले बूट बाजारात आले. त्यांनी धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, असे प्रयोगांत दिसले. म्हणून २०१६ आणि २०२३ चे आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे.

मुंबईचा २०२० चा विजेता हुरिसा तर सहकाऱ्याचे उसने बूट घालून धावला आणि विक्रम करून गेला. ती तारीख १९ जानेवारी. बाराच दिवसांनी जागतिक संघटनेने तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित करणारा नियम जाहीर केला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात व्हिएन्नात हाच हुरिसा पहिला पोचला आणि बाद ठरला, कारण त्याच्या बुटांचा तळ एक सेंटिमीटर जास्त जाड होता.

यादीतली खरी जखम मात्र औषधांची. अबू धाबीची २०२१ ची शर्यत केनियाचा टायटस एकिरू २:०६:१३ मध्ये जिंकला. पुढे उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने आणि खोटी वैद्यकीय कागदपत्रे दिल्याबद्दल २०२३ साली त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. तो निकाल रद्द झाला. ज्या दिवशी दुसऱ्या कोणी फीत तोडायला हवी होती, तो दिवस मात्र त्या माणसाला परत मिळत नाही.

आपली माणसे

हे सगळे केवळ आकडेमोडीपुरते असते तर एवढा लेख लिहिला नसता. आपल्या धावपटूंचे भवितव्य यात अडकलेले आहे.

ऑलिंपिकची पात्रता वेळ ही एक निरपेक्ष संख्या असते. ती ऊन, चढ किंवा दमटपणा विचारत नाही. रिओसाठी (२०१६) पुरुषांना २:१९:०० ची अट होती. त्या जानेवारीत मुंबईत नितेंद्रसिंग रावत २:१५:४८, टी. गोपी २:१६:१५ आणि खेताराम २:१७:२३ असे तिघेही त्या अटीत बसले. गोपी तर पेसमेकर म्हणून उतरला होता. पॅरिससाठी (२०२४) हीच अट २:०८:१० झाली. मुंबईच्या २०२५ पर्यंतच्या विजेत्यांपैकी या अटीत बसणाऱ्या वेळा फक्त तीन : २०२०, २०२३ आणि २०२४. हुरिसा तर एका सेकंदाने आत! जागतिक क्रमवारीची दुसरी वाट असते हे खरे, पण घरच्या रस्त्यावर धावून पात्र होण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे. एक तर तो परदेशातला थंड, सपाट मार्ग गाठेल, नाहीतर मागे राहील; आणि परदेशवारीला पैसे लागतात.

म्हणूनच भारतीय विजेत्यांचे आकडे परिस्थितीसकट वाचावेत. २०१५ साली ओ. पी. जैशाने याच मुंबईत २:३७:२९ असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. २०१९ मध्ये सुधा सिंग २:३४:५६ पर्यंत आली. साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या ललिता बाबरने २०१२ ते २०१४ अशी भारतीय महिलांमध्ये सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि मग रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. २०१७ ची भारतीय विजेती ज्योती गवते परभणीची.

उन्हातल्या शर्यतीची किंमत जगालाही कळते, पण उशिरा. मुंबईची २०१७ ची शर्यत जिंकणारा टांझानियाचा अल्फोन्स सिंबू २०२५ साली टोकियोत जगज्जेता झाला. मुंबईत २:२४:५१ मध्ये जिंकलेली बेरिसो २०२२ साली व्हॅलेन्सियात २:१४:५८ धावली आणि २०२३ मध्ये बुडापेस्टला जगज्जेती ठरली. या दोघांना 'दुय्यम दर्जाचे' म्हणण्याचे धाडस कोण करील?

तेव्हा यंदा निकाल वाचताना वेळेच्या रकान्याशेजारी मनातल्या मनात आणखी तीन रकाने आखावेत : तापमान, चढ आणि बूट. मंडळातल्या ज्यांनी अबू धाबी आणि मुंबई या दोन्ही शर्यती धावल्या आहेत, त्यांनीही मुंबईत जास्त लागलेल्या दहा-पंधरा मिनिटांचे वाईट वाटून घेऊ नये. ती बहुतेक पेडर रोडवर आणि नऊच्या उन्हात शोधली तर सापडतील.