रामदासपेठेचा हर्षद पिनकोड

नागपूरच्या रामदासपेठेतला पत्ता लिहिताना शेवटी ४४००१० लिहायचं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आले. ती योजना आखली टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिले तीन आकडे पत्र नागपूर भागात आणतात, पुढचे तीन नेमक्या टपाल कार्यालयात. टपालवाल्यांचं काम झालं. आता आपलं सुरू.

अंकांची बेरीज करा. ४ आणि ४ आठ, आणि १ नऊ. आता ४४००१० ला ९ ने भागा. ४८८९०, बाकी शून्य! स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने असा पुरता भाग जाणाऱ्या संख्यांना नाव दिलं देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी: हर्षद संख्या.

हा योगायोग का? मुळीच नाही. १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, लाख म्हणजे ९९,९९९ अधिक १. म्हणून अंक कुठल्याही घरात बसला, तरी नवाचे गठ्ठे काढून घेतल्यावर उरतो तो अंकच. सगळे उरलेले मिळून ९ झाले, की आणखी एक गठ्ठा! त्यामुळे हे सहा आकडे हवे तसे उलटेपालटे करा. शून्याने सुरू न होणाऱ्या ३० संख्या बनतात आणि तीसच्या तीस हर्षद.

सेमिनरी हिल्सच्या ४४०००६ ची गोष्ट निराळी. तिथे बेरीज १४. चौदाला असं कुठलंच संरक्षण नाही, तरी भाग जातो: ३१४२९! आणि धंतोलीचा ४४००१२? बेरीज ११, पण ११ चा पाढा ४४००११ वर पाय ठेवून पुढे निघून जातो. एका आकड्याने हुकलं.

कापरेकरांचा खरा चमत्कार पुढेच आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी मांडणी करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच. पिनकोडचं साल १९७२ घेऊ. ९७२१ वजा १२७९ म्हणजे ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. तिथून सुटकाच नाही, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथेच येते. कापरेकरांना हे १९४९ मध्ये गवसलं. आणि ६१७४ सुद्धा हर्षद: बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

मग सहा अंकी ४४००१० चं काय होतं? ४४१००० वजा १४४ म्हणजे ४४०८५६. पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. आता थांबेल असं वाटतं ना? ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४... आणि पुन्हा ४२०८७६! वारीतल्या रिंगणातल्या अश्वासारखी ही संख्या सात थांब्यांच्या वर्तुळात धावत राहते. काही सहा अंकी संख्या मात्र ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर कायमच्या थांबतात.

तुमचा पिनकोड थांबतो की फिरतो? कागद-पेन्सिल घ्या आणि करून पाहा.