शाळा आणि मुलांचे बसणे
पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे तरी मध्यम ते जोरदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2016 च्या जागतिक आकडेवारीनुसार 11 ते 17 वयोगटातील सुमारे 81 टक्के मुले तेवढी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होते. यात शाळेचा वाटा मोठा, कारण दिवसाचे कितीतरी तास तिथल्या बाकावरच जातात.

पाचवीत मधल्या सुट्टीत धावणारी मुलगी आठवीत कठड्याला टेकून उभी राहते. मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी व्यापलेले, गणवेश धावण्याजोगा नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहाची अडचण. हा तिचा आळस नव्हे. दहावीत तर पीटीचा तास सर्रास गणिताला दिला जातो, आणि ते नुकसान कुणी मोजतही नाही. जागा अपुरी असली, तरी फरशीवर आखलेल्या रेघा, हाताशी ठेवलेले चेंडू आणि दोऱ्या, लंगडीसारखा खेळ यांनी बराच फरक पडतो.

बसण्याचा प्रश्न वेगळा आहे. तासभर खेळलेला मुलगाही उरलेला वेळ सलग बसून काढू शकतो. त्यावरचा उपाय वर्गातच करावा लागतो: तासाच्या मध्ये दोन मिनिटे उभे करणे, फळ्यापाशी बोलावणे, गटाचे काम उभ्याने करू देणे.